नदीला पाणी येईपर्यंत

१

पान पुसताना आधी डावा हात पानाखाली द्यायचा. पान तळहातावर निजवायचं, मग ओल्या फडक्यानं देठापासून टोकापर्यंत एकदाच जायचं. उलट यायचं नाही. हे मला नीलांबरीनं शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत आमच्यात जे काही बोलणं झालं, ते एवढंच.

झाड रबराचं होतं. वडाच्याच जातीचं, पण घरात राहणारं. कालव्यावरच्या कुणा साहेबानं बदली होऊन जाताना ते माझ्या सासऱ्यांना दिलं होतं. पुढच्या खोलीत, खिडकीशी, गेरूनं रंगवलेल्या सिमेंटच्या कुंडीत ते उभं असे. उंची माझ्या खांद्याच्या जरा वर. पानं जाड, काळपट हिरवी, वीतभराहून लांब. नवं पान शेंड्यावर लाल वेष्टनात गुंडाळलेलं यायचं, आणि वेष्टन गळून पडलं की उघडायचं. कुठे ओरखडा गेला तर पांढरा चीक येई. मग नीलांबरी चुलीतली चिमूटभर राख आणून त्यावर दाबायची.

"चीक वाहू द्यायचा नाही," ती म्हणायची. "दमणूक होते."

त्या वर्षी शेवगावात हिरवं म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. धूळ भाकरीत असे, छापखान्यातल्या टाइपाच्या खणांत असे, सकाळी उठल्यावर दातांत असे. झाड तेवढं चमकायचं, कारण मी ते रोज पुसत होतो.

मी कंपोझिटर. मूळचा पुणतांब्याचा. वडील घाटावर पूजा सांगत. ते गेल्यावर आठवीत शाळा सुटली आणि मी नगरला जाऊन छपाईचे खिळे जुळवायला शिकलो. पुढे शेवगावच्या छापखान्यात आलो. तिथं लग्नपत्रिका, बाजार समितीच्या पावत्या असलं काम असे. विष्णुपंत तिथं एकदा आले. मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. माझी चौकशी करून गेले आणि चार दिवसांनी मुलीसाठी विचारायलाच आले. मुलगी मॅट्रिक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी सांगितलं की माझी पत्रिका नाही, गोदावरीच्या एका पुरात आमची पेटी भिजली त्यात गेली.

"नसू दे," अण्णा म्हणाले. "तेच बरं."

मला वाटलं, मोठ्या मनाची माणसं आहेत. त्यांच्या घरी मीच राहायला यावं, अण्णांना दुसरं कोणी नाही, असं ठरलं. माझंही दुसरं कोणी नव्हतं.

२

घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढची खोली, मधली, मग स्वयंपाकघर. अण्णा ओसरीवर झोपत. मधली खोली आमची होती. पण ऊन तापू लागलं तशी नीलांबरी पुढच्या खोलीत फरशीवर अंथरूण घालू लागली.

"तिथं गार असतं," ती म्हणाली.

खरंच असे. मीही तिथं येऊ का, हे मला विचारता आलं नाही. तिला 'तू' म्हणायलासुद्धा मला जमत नव्हतं. वाक्य असं फिरवायचो की तू किंवा तुम्ही यायलाच नको.

ती डोक्यावरून पदर घेणारी नव्हती. अण्णांसमोर नाही, माझ्यासमोर नाही, पाहुण्यांसमोरही नाही. पण पुढच्या खोलीत पाऊल टाकताना तिचा हात आपोआप वर जायचा आणि पदर डोक्यावर यायचा. त्या खोलीत दत्ताची तसबीर होती, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. मग एके दिवशी लक्षात आलं की तसबीर दाराच्या बाजूच्या भिंतीवर आहे आणि पदर सावरून ती उभी राहते ती तसबिरीकडे पाठ करून. तोंड खिडकीकडे, म्हणजे झाडाकडे.

दुसरी गोष्ट जेवणाची. आमच्या घरी आई वडिलांच्या आधी कधी जेवली नाही. वडील घाटावरून उशिरा आले तरी ती पोळपाट पुसून बसून राहायची. लहानपणी मला वाटायचं, लग्न म्हणजे हेच, कुणीतरी आपल्यासाठी थांबलेलं असणं. शेवगावात मी छापखान्यातून किती वाजता येतो, हे नीलांबरीनं कधी विचारलं नाही. माझं ताट झाकून ठेवलेलं असे. ती मात्र झाडाला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय घास तोंडात घालत नसे. एकदा टँकर आलाच नाही, तेव्हा ती दुपार टळेपर्यंत उपाशी होती. मी जेवलो होतो.

"दोन घास खाऊन घ्यायला काय हरकत आहे?" मी म्हणालो.

"अजून पाणी झालं नाही ना," ती सहज म्हणाली.

माझ्या पिण्याच्या भांड्यात थोडं होतं. मी ते नेऊन कुंडीत ओतलं.

"वरून नको," ती घाईनं म्हणाली. "बुडाशी. सावकाश." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात."

त्या दिवसापासून झाडाचं सगळं मीच करायला घेतलं. पानं पुसणं, पाणी घालणं, अधूनमधून कुंडी जराशी फिरवणं, कारण एकीकडूनच उजेड मिळाला तर झाड वाकडं वाढतं. मला तिच्या मनात जागा हवी होती, आणि तिकडे जाणारी दुसरी वाट मला दिसत नव्हती.

३

टँकर चौकात उभा राही. समोरच्या छबूबाई नेहमी रांगेत पुढे असायच्या. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, म्हणून त्यांना घाई असे आणि त्या घाईतही सगळ्यांची खबर असे.

"जावईबापू, मोठा हंडा आना उद्यापसनं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात एक तोंड जास्ती हाय."

बाया हसल्या. घरजावयाला बोलतायत असं समजून मी म्हणालो, "मी फार पाणी पीत नाही."

त्यावर त्या जास्तच हसल्या.

"तुमचं न्हाई वो म्हनत. तुमच्या आदी जे आलंय, त्याचं म्हनते."

"झाड? त्याला तांब्याभरच लागतं."

"व्हय व्हय. आवो, ते तर माघातच नदीला न्यायचं हुतं. म्याच बन्सीची हातगाडी सांगून ठिवल्ती. मग तुमचं सासरं म्हनले, नदीत निसती वाळू हाय, सोडायचं कुठं? पानी येऊस्तवर ऱ्हाऊ द्या घरात."

"झाड नदीत कशाला सोडायचं?"

छबूबाई हसायच्या थांबल्या. चुंबळ डोक्यावर नीट बसवत म्हणाल्या, "मला काय म्हाईत. तुमच्या बामनाघरचं तुमालाच म्हाईत." मागच्या बाईनं त्यांना कोपरानं ढोसलं. "गप की गं छबे. नवा मानूस हाय."

घरी येऊन मी पानं पुसायला बसलो. खालचं एक मोठं पान तळहातावर घेतलं आणि तसाच थांबलो. पान कोमट होतं. वरून गार, आणि खालून, जिथं माझा हात होता तिथं, कोमट. झोपलेल्या माणसाच्या गालाखाली हात गेला तर लागतं तसं.

बाहेर एवढं तापतंय, भिंत तापलेली, पान तापणारच. मी दुसरं पान धरून पाहिलं. मग तिसरं. खिडकीजवळची पानं गार होती. कोमट होती ती आतल्या बाजूची, फरशीवर नीलांबरी अंथरूण घालायची त्या बाजूची.

४

दोरा मला सापडला तो खोडावरची धूळ काढताना. पानांच्या आड, मातीपासून हातभर वर, खोडाभोवती पिवळा दोरा गुंडाळलेला होता आणि त्यात हळकुंड. खोड जाड होत गेलं होतं आणि दोरा सालीत रुतला होता.

असा दोरा मी ओळखत होतो. लग्नात माझ्या मनगटावर तसंच काकण बांधलं होतं. लग्नानंतर नवरीनं नवऱ्याचं आणि नवऱ्यानं नवरीचं काकण एका हातानं सोडायचं असतं, बाया भोवती बसून हसत असतात. मी तिचं सोडलं. तिला माझं सुटेना. तिची बोटं गाठीवर नुसती पडून होती. शेवटी तिच्या मावशीनं कात्री आणली आणि माझा दोरा कापला. "असू दे," मावशी म्हणाली, "लाजतेय पोर."

संध्याकाळी अण्णा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी समोर उभा राहिलो. 

"बोला सुमंतराव."

"झाडाला काकण बांधलंय."

अडकित्ता थांबला, मग परत चालू झाला. "हां. राहिलंय खरं ते. बसा."

मी बसलो.

"नीलूला मंगळ आहे. साधा नाही, कडक. तीन स्थळं त्यावरून गेली. मग भटजी म्हणाले, आधी झाडाशी लग्न लावून टाका. जे काही यायचं ते पहिल्या नवऱ्यावर येतं, झाडावर जाऊ दे. पिंपळाच्या पारावर चारचौघांत ते करायचं मला जिवावर आलं. भटजी म्हणाले, घरातलं चालेल, चीक निघतो ना, वडाच्याच कुळातलं. लावलं. त्यानंतर ते झाड वाहत्या पाण्यात सोडायचं असतं, म्हणजे मुलगी मोकळी झाली. आता नदीत पाणीच नाही, त्याला मी काय करू? आणि तुमचा मुहूर्त पुढ्यात."

"म्हणजे अजून..."

"अजून काय? झाड आहे ते, सुमंतराव. नदीला पाणी आलं की सोडून येऊ."

"मला का नाही सांगितलं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हातारा होता आणि मुलीच्या काळजीनं खंगलेला होता. "तुम्हाला पत्रिकाच नव्हती," ते म्हणाले. "तुमच्या बाजूनं काही अडत नव्हतं."

आणि झाड वाळलं नाही तर, जे यायचं ते कुणावर येईल, हे मला विचारायचं होतं. सगळ्या तालुक्यात तेवढं एकच झाड नवी पानं काढत होतं.

५

वीज गेली म्हणून मालकानं भरदुपारी छापखाना बंद केला. घरी आलो तर पुढच्या दाराला आतून कडी. नीलांबरी निजली असेल म्हणून मी वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात आलो, तिथून मधल्या खोलीत. अण्णा कचेरीत पेन्शनच्या कामाला गेले होते. उन्हासाठी सगळ्या खिडक्या लावलेल्या. घरात अंधार नव्हता, पण उजेडही नव्हता.

पुढच्या खोलीतून तिचा आवाज येत होता.

"आज फार ऊन आहे, नाही?"

मग थांबणं. समोरचं माणूस उत्तर देईल इतकं थांबणं.

"सांगितलंय मी त्यांना, हळू हात लावा म्हणून. शिकतील."

पुन्हा थांबणं.

"छे, ते तसे नाहीत. गरीब आहेत हो." आणि ती हसली. मी तिला हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. एकटी बाई आहे, बापाशी काय बोलणार, माझ्याशी काय बोलणार, मी तरी कुठे बोलतो? लोक गायीशी बोलतात, देवाशी बोलतात. पण देवाशी बोलताना माणूस मध्येच हसत नाही.

मधल्या दाराचा पडदा थोडा सरकलेला होता. ती कुंडीला टेकून फरशीवर बसली होती, डोक्यावर पदर. एक मोठं पान तिच्या खांद्यावर टेकलं होतं. तिनं खाली वाकून पंखा उचलला, आणि पान खांद्यावरून सुटलं नाही. तिच्याबरोबर खाली गेलं आणि तिच्याबरोबर वर आलं. देठ लवचिक असतो, पानाला वजन असतं, हे मला कळत होतं.

मग मी बाकीच्या पानांकडे पाहिलं. झाडाची पानं उजेडाकडे वळतात. खोलीत उजेडाची एकच फट होती, खिडकीच्या दोन फळ्यांमध्ये. पानं तिकडे नव्हती. सगळी पानं पडद्याकडे वळलेली होती.

माझा पाय मागच्या घागरीला लागला.

"कोण आहे?"

"मी."

"आलात? थांबा, पाणी देते." ती उठून मधल्या खोलीत आली. उंबरा ओलांडताना पदर डोक्यावरून खाली घसरला आणि खांद्यावर पडला. तिनं तो परत घेतला नाही.

६

चैत्र सरत आला होता. नीलांबरी कुणाकडे तरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेली. दुष्काळात डाळ-पन्हं कुठून करणार, पण कुंकू लावायला बोलावलं होतं. अण्णा ओसरीवर डुलकी घेत होते. मी पुढच्या खोलीत जाऊन दार लोटलं.

झाड मोडायचं नाही, उपटायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्याचं तिला दुःख झालं असतं. फक्त गाठ सोडायची. लग्नात जे राहून गेलं होतं ते पुरं करायचं. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. ते कुणी पुरं करायचं असतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

पान आड येत होतं म्हणून मी ते डाव्या हातानं धरून ठेवलं. उजव्या हाताची बोटं गाठीवर ठेवली. दोरा सालीत इतका रुतलेला, मला वाटलं ब्लेड आणावं लागेल. पण गाठ एका हातात सुटली. ओढावी लागली नाही. माझ्या बोटांचीच वाट बघत असल्यासारखी सुटली आणि दोरा हळकुंडासकट माझ्या मुठीत आला.

डाव्या हातातलं पान तेवढ्यात गार झालं.

मी दोरा सदऱ्याच्या खिशात टाकला. घशाला कोरड पडली होती. स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यालो. मग आणखी एक. मग घागरीत उरलं होतं तेही.

७

त्यानंतर पानं गळू लागली. रबराचं पान पडतं तेव्हा आवाज होतो, पुठ्ठा पडावा तसा. मधल्या खोलीत पडल्या पडल्या मला तो ऐकू येई. सकाळी नीलांबरी पानं सुपात गोळा करायची. ती रडली नाही. मला वाटलं होतं ती मला विचारेल, पण तिनं खोडाकडे पाहिलं, दोरा नाही हे पाहिलं, आणि मग माझ्या हातांकडे पाहिलं. 

अण्णांचा मात्र चेहरा उजळला. "जातंय," ते मला हळूच म्हणाले. "जायलाच हवं होतं. भटजी बरोबर म्हणाले होते."

मीही आतून हलका झालो होतो. फक्त तहान जात नव्हती. टँकरवर मी आता खरंच मोठा हंडा नेत होतो. जेवण नको वाटायचं, पाणी हवं. छापखान्यात उभं राहून खिळे जुळवायचे तर पाय जड होत, जागचे हलू नयेत असं वाटे. डॉक्टरांनी जीभ पाहिली. "ऊन लागलंय. सगळ्या गावाला लागलंय."

ज्येष्ठात वर कुठे तरी पाऊस झाला आणि नदीला पाणी आलं. अण्णांनी त्याच दिवशी बन्सीची हातगाडी बोलावली. झाडाचं नुसतं खोड उरलं होतं आणि दोन वाळकी पानं.

"अण्णा, ह्ये वाळकं लाकूड नदीला कशाला?" बन्सी म्हणाला. "बंबात घाला, पानी तरी तापंल."

"तू गाडी ओढ."

नीलांबरी निरोपाला बाहेर आली नाही. नदीकाठी अण्णांनी काही म्हटलं, अक्षता टाकल्या. झाड मला उचलायला सांगितलं. मातीच्या ढेकळासकट ते इतकं हलकं होतं की तोल जात होता. मी गुडघाभर गढूळ पाण्यात शिरलो आणि सोडून दिलं.

"मागं बघायचं नाही," अण्णा म्हणाले.

मी बघितलं नाही. पण पाण्यातून पाऊल निघेना. तळव्याखालचा गाळ धरून ठेवत होता, आणि त्या थंड गाळात उभं राहायला मला इतकं बरं वाटत होतं की अण्णांनी दंडाला धरून ओढेपर्यंत मी तसाच होतो.

"झालं," परतीच्या वाटेवर ते म्हणाले. "आता तुम्ही निश्चिंत, आम्ही निश्चिंत."

८

घरी आलो तेव्हा नीलांबरी दारात उभी होती. तिच्या डोक्यावर पदर होता. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. अण्णा बन्सीशी बोलत गाडीजवळच थांबले होते.

"आत या," ती म्हणाली. "दमला असाल."

पुढच्या खोलीत कुंडीच्या जागी फरशीवर गेरूचं गोल वळं उमटलं होतं. त्यावर तिनं खुर्ची मांडली होती. "इथं उजेड चांगला येतो," ती म्हणाली. मी बसलो. तिनं तांब्या आणला, आणि मी तो संपवेपर्यंत उभी राहिली. माझे पाय ओल्या फडक्यानं पुसले. मग आत गेली, आणि त्यानंतर तिच्या ताटाचा आवाज आला. ती माझ्यासाठी थांबली होती.

मी सुखात होतो, ते नाकारून काय करू? मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. ती माझ्याशी बोलू लागली. दुपारी खिडक्या लावून माझ्या खुर्चीला टेकून बसायची आणि दिवसभराचं सांगायची. मी उत्तर दिलं नाही तरी तिला चालायचं. मी उत्तर देत नसे, तरी ती मध्येच थांबायची आणि हसायची.

एके दिवशी ती धुण्यातून उठून आली. हात ओले होते.

"हे तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं," ती म्हणाली. "तुमचंच ना?"

तळहातावर पिवळा दोरा आणि हळकुंड. माझा दोरा कात्रीनं कापला होता, हे तिलाही माहीत होतं. याला कुठे कापल्याची खूण नव्हती. ती हात पुढे करून थांबली होती. तिचा चेहरा इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता.

"हो," मी म्हणालो.

तिनं तो माझ्या मनगटावर बांधला. गाठ मारताना तिची बोटं जराही अडखळली नाहीत.

"रुतत नाही ना?"

"नाही."

मालकाचा निरोप आला, तेव्हा अण्णांनी बरं नाही म्हणून सांगितलं. अण्णा हल्ली पुढच्या खोलीत येत नाहीत. दारातूनच बोलतात, तेही माझ्याशी नाही. "नीलू, यांना जरा फिरवून ठेव गं," परवा ते म्हणाले. "एकीकडूनच ऊन लागतंय." तिनं खुर्ची थोडी वळवली. मला उठावं लागलं नाही. छबूबाई एकदा खिडकीशी आल्या होत्या. "जावईबापू, पान्याला दिसत न्हाई आताशा?" असं म्हणत गजांतून डोकावल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून गेल्या.

उठायचं मी रोज ठरवतो. अशक्तपणा आहे, उन्हाचा आहे, गावात पुष्कळांना आहे.

काल सकाळी आरसा खिडकीच्या गजाला टेकवून दाढी करत होतो. हनुवटीजवळ ब्लेड लागलं. आरशात पांढरा थेंब दिसला. फेस असेल म्हणून पुसला. परत आला. जाड होता, आणि बोटाला लागला तो सुकता सुकता चिकटून ताणला जाऊ लागला. हलका साबण असाच चिकटतो. साबणच असणार.

मी हाक मारली नव्हती. तरी नीलांबरी आली, पदर डोक्यावर, उजव्या हाताच्या चिमटीत राख. तिनं ती तिथं दाबून धरली.

"वाहू द्यायचं नाही," ती म्हणाली.

मग तिनं डावा हात माझ्या गालाखाली दिला, डोकं तळहातावर टेकवून घेतलं, आणि ओलं फडकं कानापासून हनुवटीपर्यंत एकदाच नेलं. उलट आणलं नाही. तांब्या माझ्या ओठांशी धरला, सावकाश. सगळं पाणी पोटात गेलं का, ते वाकून बघितलं, आणि मग आत जेवायला गेली.